बॅरलपुराण

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ पटकावलं, तेव्हा कोल्हापूरइतकाच आनंद नाशिकलाही झाला. पोरगा कांबळवाडीचा, पण शाळकरी वयात नेमबाजी शिकला तो आमच्या गावात. पेढे वाटले गेले, त्याला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत आहे ती पेढे संपल्यावर जे सुरू झालं त्याला. रेंजबाहेरच्या बाकड्यावर, गंगापूर रोडच्या चहाच्या टपरीवर, पालकांच्या घोळक्यात एकच प्रश्न फिरू लागला आणि तो अजून थांबलेला नाही: "त्याच्या रायफलीची बॅरल कोणती होती हो?"

त्याचा ट्रिगर कसा होता, तो रोज किती तास उभा राहायचा, त्याच्या कोच दीपाली देशपांडे त्याच्याकडून काय करून घ्यायच्या, यातलं काही कुणी विचारत नाही. बॅरल कोणती, एवढंच.

या प्रश्नामागे एक अख्खं शास्त्र उभं राहिलंय. नेमबाजी हा शेवटी नळीचा खेळ आहे, हे त्याचं पहिलं सूत्र. स्टेनलेसची नळी अचूक असते आणि गंजत नाही. आतून क्रोम चढवलेली नळी जन्माला पुरते, कारण मिलिटरी तीच वापरते. हातोड्यानं ठोकून घडवलेली नळी दणकट पण गावठी. एकेक खाच कापून काढलेली तीच खरी खानदानी. जाड नळी बारीकपेक्षा चांगली, लांब नळी आखूडपेक्षा. आणि शेवटचं सूत्र, ज्याच्यापायी लोक पतसंस्थेची पायरी चढतात: साध्या नळीवर सराव केला तर पोराची वर्षं फुकट जातात, तेव्हा आधी नळी घ्या, बाकी मागाहून बघू.

माझी उभी हयात सातपूरच्या टूलरूममध्ये बोअर, रीमर आणि गेज यांच्या संगतीत गेली. आता संध्याकाळी रेंजवर पोरांच्या रायफली उघडून देतो. त्यामुळे भोक आणि पोलाद या दोन विषयांवर कुणी पुराण सांगू लागलं की माझं डोकं फिरतं. या पुराणातलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी रायफलीबाबत खरं आहे. पण ज्या रायफलीबद्दल ते बोललं जातंय, तिच्याबाबत त्यातलं जवळजवळ एकही खरं नाही.

स्वप्निलच्या नळीपासूनच सुरुवात करू, कारण तिची साक्ष पॅरिसच्या स्कोअरशीटवर लिहिलेली आहे. फायनलमध्ये त्यानं नीलिंगच्या १५ शॉट्समध्ये १५३.३ मारले. प्रोनच्या १५ शॉट्समध्ये १५६.८. मग स्टँडिंगचे १४ शॉट्स, त्यांचे १४१.३. एकूण ४५१.४. आता सरासरी काढा. नीलिंग १०.२२, प्रोन १०.४५, स्टँडिंग १०.०९. नळी तीच, अंतर तेच, हॉल तोच, तास तोच. तरी पडून मारताना आणि उभं राहून मारताना शॉटमागे ०.३६ चा फरक. ५० मीटरच्या टार्गेटवर ०.१ म्हणजे ०.८ मिलिमीटर, म्हणजे हा फरक कागदावर जेमतेम तीन मिलिमीटरचा. पण ६० शॉट्सच्या मॅचला लावला तर तो एकवीस गुणांच्या वर जातो. शेवटचे चार शॉट बघा: १०.५, ९.४, ९.९, १०.०. दोन शॉट्सच्या मधल्या काही सेकंदांत नळी बिघडली आणि पुन्हा सुधारली, असं कुणाला म्हणायचं आहे का? हा फरक कुठल्या पोलादात सापडतो ते मला कुणीतरी दाखवावं. तो सापडतो पायांत, कमरेत, श्वासात. जगातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाची ही गत, तर आपल्या आठवीतल्या पोराचा ग्रुप फाटतो तो नळीमुळे, हे कुणी कशावरून ठरवलं?

आता पोलादाकडे वळू. "स्टेनलेस आहे, गंजणार नाही." घरातला डबा १८-८ चा असतो, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. नळीला वापरतात ते ४१६ जातीचं पोलाद वेगळं. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळजवळ नाही, आणि कातायला सोपं जावं म्हणून वर मुद्दाम मिसळलेलं गंधक. गंधक आलं की गंजाला विरोध कमी होतो, हे कुठलाही मशीनवाला सांगेल. जुलैत त्र्यंबकच्या बाजूनं पाऊस सुरू झाला की रायफल ओल्या फोमच्या पेटीत बंद करून आठवडाभर ठेवा, तुमचं स्टेनलेसही तांबूस ठिपके दाखवील. स्टेनलेसचा खरा फायदा दुसरा आहे. मोठ्या काडतुसाच्या तापलेल्या वायूपुढे ते थोडं जास्त टिकतं आणि आतून घासून गुळगुळीत करायला बरं पडतं. म्हणजे जिथे प्रत्येक गोळीमागे तीन ग्रॅम दारू जळते, तिथे त्याला अर्थ आहे. पॉइंट टू-टूच्या गोळीत दारू असते शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दाब ७.६२ च्या काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी. आणि दहा मीटरच्या एअर रायफलीत? तिथे तर काहीच जळत नाही. थंड हवा शिशाच्या मऊ पेलेटला सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं ढकलते. त्या हवेपासून पोलादाचं रक्षण करायला ज्यादा पैसे मोजणाऱ्याला काय म्हणावं?

क्रोमवाल्यांचा मुद्दा जरा भारदस्त वाटतो, कारण त्याच्यामागे फौज उभी असते. "इन्सासची नळी क्रोमची आहे, मिलिटरीला अक्कल नाही का?" मिलिटरीला भरपूर अक्कल आहे, म्हणूनच तिचं काम आणि आपलं काम एक नाही. अमेरिकेनं एम-१६ व्हिएतनामला पाठवली तेव्हा तिच्या चेंबरला क्रोम नव्हतं. दमट जंगल, बदललेली दारू, सफाईच्या सामानाची बोंब, आणि रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. मग आधी चेंबरला आणि पुढे सगळ्या नळीला क्रोम आलं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनीही आपल्या रायफलींना आतून क्रोम दिलं होतं, कारण तेच: समुद्र, चिखल, घाम, आणि महिनोन् महिने हत्यार पुसायला न मिळणं. क्रोम हा चिखलावरचा उपाय आहे. त्याची किंमत अशी की मुलामा सगळीकडे सारखा बसत नाही. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा तो थर कुठे जरा जाड, कुठे जरा पातळ, आणि इतका कठीण की नंतर घासून सारखा करायचा तर जीव जातो. कुणी म्हणेल, द्रागुनोव्ह ही स्नायपर रायफल आहे आणि तिचीही नळी क्रोमची आहे. आहे ना. पण द्रागुनोव्हचं लक्ष्य माणसाच्या छातीएवढं असतं. पन्नास मीटरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि दहा मीटरच्या टार्गेटवरचं अर्ध्या मिलिमीटरचं. तुमच्या पोराची एअर रायफल सियाचिनला जाणार आहे का? ती एसीतून एसीत जाते. मधल्या वेळात तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपते.

नळीची निवड कशावरून करायची याचा धडा इतिहासात पडलेला आहे, आणि तो आपल्या पोलिसांच्या खांद्यावरून दशकानुदशकं मिरवला गेला. इंग्रजांनी १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल घेतली. तिच्या नळीतल्या खाचा उथळ आणि गोलसर होत्या, कारण तेव्हा काळी दारू होती आणि तिची काजळी कोपऱ्यांत साचू नये हा हेतू. नळी उत्तम होती. मग कॉर्डाइट आलं. काजळी कमी, पण ज्वाला कितीतरी गरम. त्याच उत्तम नळीतल्या उथळ खाचा बघता बघता झिजू लागल्या. १८९५ मध्ये एनफिल्डच्या पाच खोल, चौकोनी खाचांची नळी आली आणि ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली. तीच पुढे आपली थ्री-नॉट-थ्री. नळी वाईट म्हणून बदलली नाही. आत जळणारी वस्तू बदलली म्हणून नळी बदलावी लागली. आणि गंमत पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्पादनाची घाई झाली तेव्हा याच रायफलीच्या कित्येक नळ्या पाचऐवजी फक्त दोन खाचांच्या केल्या गेल्या. चाचण्या घेतल्या, लष्करी कामाला पुरेशी अचूकता मिळाली, आणि त्या रायफली लढून आल्या. आज मात्र बाकड्यावर "सहा खाचांची बरी की आठ?" यावर संध्याकाळ निघते.

खाचा कशा पाडल्या यावरून तर घराणीच पडली आहेत. एका पद्धतीत एकच हत्यार नळीतून पुनःपुन्हा फिरवून, प्रत्येक फेरीत काही मायक्रॉन खरवडत खाच कोरतात, तास लागतात. दुसरीत कार्बाइडचं एक कठीण बटण नळीतून खेचतात, धातू कापला न जाता दाबला जातो, आणि मग आतला ताण काढायला नळी पुन्हा तापवावी लागते. तिसरीत उलट्या खाचांचा दांडा आत घालून बाहेरून हातोडे बसतात आणि काही मिनिटांत नळी तयार होते. आमच्याकडचा पंडित या तिसरीला नाक मुरडतो. फिनलंडची साको आणि ऑस्ट्रियाची स्टायर नळ्या हातोड्यानंच घडवतात, आणि त्यांच्या रायफली वेड्यावाकड्या जातात अशी तक्रार मी तरी ऐकलेली नाही. मी उभा जन्म भोकं पाडली. भोक कोणत्या पद्धतीनं पाडलं हे भोकाला ठाऊक नसतं. ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखं आहे का, आतला ताण गेलाय का, आणि तोंडाची कड शाबूत आहे का, एवढंच गेज विचारतो. तिन्ही पद्धतींनी ते साधता येतं आणि तिन्ही पद्धतींनी बिघडवताही येतं.

लांबीचं तर विचारूच नका. एका गृहस्थांनी मुलीसाठी नवी एअर रायफल आणली आणि मला कौतुकानं म्हणाले, "काका, बॅरल बघा केवढी लांब!" मी त्यांच्यासमोर पुढचा पाइप सैल करून हातात दिला. पोकळ ॲल्युमिनियम. आतली खरी नळी साधारण ४२ सेंटिमीटरची, पाइपात कुठेतरी मागेच संपलेली. पुढचा सगळा भाग फ्रंट साइट लांब ठेवण्यासाठी. गृहस्थ त्या पाइपाकडे असे बघत राहिले, जणू सोनाराकडे दागिना मोडायला नेला आणि आतून लाख निघाली. फसवणूक कुणीच केलेली नव्हती. रायफल उत्तमच होती. पॉइंट टू-टूतही तेच. तिची दारू पहिल्या ४० सेंटिमीटरच्या आसपास जळून संपते, पुढे गोळी फक्त घासत जाते. नळी जितकी लांब तितका वेळ गोळी आत, आणि तितका वेळ नेमबाजाचा खांदा हलायला मोकळा. म्हणून तर आजच्या कित्येक मॅच रायफलींची खरी नळी अर्ध्या मीटरच्या आसपास असते आणि पुढे पाइप जोडलेला असतो.

आता टिकाऊपणा. या शब्दावर पालक सगळ्यांत जास्त पैसे सोडतात, म्हणून इथे जरा थांबतो. नळीच्या झिजण्याची काळजी करावी अशी माणसं नाशिकमध्ये आहेत. ती देवळालीच्या तोफखान्यात आहेत. तिथे नळीचं वय वर्षांत मोजत नाहीत, पूर्ण चार्जच्या हिशेबानं मोजतात. किती गोळे, कोणत्या चार्जनं, सगळं तोफेच्या वहीत चढतं, कारण नळी झिजली की गोळ्याचा वेग पडतो आणि गोळा आपल्याच माणसांच्या जवळ येऊ शकतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या काडतुसाच्या रायफलीतही हेच: काही जातींत दोन हजार गोळ्यांच्या आतच चेंबरपुढचा भाग भाजून खडबडीत होतो. त्या लोकांनी पोलाद, क्रोम, नायट्रायडिंग यावर रात्रभर भांडावं, त्यांना तो हक्क आहे. पण शिशाचं पेलेट आणि थंड हवा? पोरानं दिवसाला शंभर पेलेट आणि वर्षाला तीनशे दिवस मारले तर पाच वर्षांत दीड लाख होतात. त्या दीड लाखांनंतर नळी जशीच्या तशी असते. पोराच्या गुडघ्यांबद्दल मात्र मी तसं बोलणार नाही.

टिकत नाही ते दुसरंच. सील टिकत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सिलिंडर टिकत नाही. दोनशे बार दाबाची हवा भरलेला तो नळकांडा. बहुतेक उत्पादक त्याला दहा वर्षांची मुदत देतात आणि तारीख त्याच्या अंगावरच कोरतात. सिलिंडर मुदतीत आहे की नाही हे बघण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खुद्द नेमबाजाची. नळी शंभर वर्षं टिकेल का, हे मला विचारणाऱ्या पालकांना मी उलट विचारतो की सिलिंडरवरची तारीख काय आहे. सेकंडहँड रायफल घेऊन आलेले तर "त्यावर तारीख पण असते?" असं म्हणून माझ्याकडेच बघत राहतात. जन्मभर टिकणाऱ्या वस्तूसाठी कर्ज काढायचं आणि मुदत संपलेल्या नळकांड्यात दोनशे बार भरून ते पोराच्या गालाशी टेकवायचं, याला टिकाऊपणाचा विचार म्हणतात?

आणि नळी मरतेच म्हणाल, तर कशानं? गोळीनं नव्हे, सफाईनं. क्लबातल्या जुन्या पॉइंट टू-टू रायफली उघडून बघा. तुकडे जोडून केलेला लोखंडी गज पुढून, तोंडातून आत घातलेला, वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या हातांनी. गज वाकतो, कडेला घासतो, तोंडाची धार एका बाजूला चपटी होते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळीला टिचकी बसते. मी भिंगातून पाहिलेल्या "झिजलेल्या" नळ्यांपैकी बहुतेकींत आतल्या खाचा ठणठणीत होत्या आणि तोंड खाल्लेलं होतं. अशा नळीच्या जागी जगातली सर्वांत महागडी नळी बसवा आणि तोच गज त्याच हातात द्या. एका हंगामात तिचीही तीच अवस्था.

"मग मोठे नेमबाज जर्मनीला रायफल घेऊन का जातात?" हा हुकमी एक्का. जातात, बरोबर आहे. शोनेबेकला लापुआचा कारखाना आहे, तिथे टेस्ट रेंज आहे. तिथे रायफल शिकंजात घट्ट बसवतात आणि एकामागून एक लॉटच्या गोळ्या मारून कोणत्या लॉटचा ग्रुप सर्वांत घट्ट येतो ते बघतात. मग त्या लॉटची पेटी विकत घेतात. नीट ऐका: शिकंजात नळी तीच राहते, बदलतात त्या गोळ्या. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच रंगाच्या डबीतली गोळी, नुसता लॉट बदलला की त्याच नळीतून वेगळी जाते. एअर रायफलीतही ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांचे पेलेट येतात, आणि कुठलं माप कुठल्या नळीला मानवेल हे मारून पाहिल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. ज्या पालकांनी रायफलीवर अडीच-तीन लाख घातले, त्यांच्यातल्या कितीजणांनी चार मापांची एकेक डबी आणून शिकंजातून ग्रुप काढून पाहिला? डबीला चिल्लर लागते. कदाचित म्हणूनच तिच्यावर विश्वास बसत नाही.

हे सगळं दुसऱ्या कुठल्या गावात चाललं असतं तर मी इतका चिडलो नसतो. पण हे भीष्मराज बामांचं गाव आहे. भारतीय पोलीस सेवेतून निवृत्त झालेला हा माणूस, स्वतः नेमबाज, २०१७ मध्ये जाईपर्यंत नेमबाजांपासून क्रिकेटपटूंपर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट शिकवत राहिला: मन एका जागी कसं आणायचं. त्यासाठी योग, श्वास, एकाग्रता. नेमबाज अंजली भागवतसारखी माणसं त्यांच्याकडून शिकली. त्यांच्या गावात आज मुलाचा स्कोअर पडला की बाप पहिली गोष्ट विचारतो ती नळीच्या धातूची. मुलालाही हे सोयीचं पडतं. ट्रिगर झटकला हे कबूल करण्यापेक्षा "बाबा, बॅरलमध्ये प्रॉब्लेम आहे" हे म्हणणं सोपं, आणि बाबा ते ऐकायला टपलेलेच असतात, कारण बॅरल विकत मिळते.

तेव्हा यापुढे माझ्याकडे कुणी नवी नळी घ्यायचा विषय काढला, तर मी चार गोष्टी समोर ठेवायला सांगणार आहे. शिकंजातून, किमान चार लॉटचे, प्रत्येकी वीस शॉट्सचे ग्रुप. सिलिंडरवरची तारीख. सफाईचा गज, आणि तो मागून घालता की पुढून ते. आणि पोराच्या डायरीतली ड्राय प्रॅक्टिसची, म्हणजे गोळी न भरता केलेल्या सरावाची पानं, कोरी नव्हेत, भरलेली. चारही ठीक असतील आणि तरीही शिकंजातला ग्रुप दहाच्या बाहेर फाटत असेल, तर नळीच वाईट आहे. बदला, आणि स्टेनलेस घ्या, साधं पोलाद घ्या, कापलेली घ्या, ठोकलेली घ्या, मला काही फरक पडत नाही, कागदालाही पडणार नाही. आजवर असे चारही पुरावे घेऊन माझ्या टेबलाशी कुणी आलेलं नाही. नुसतेच कॅटलॉग घेऊन आले.